यादीतून वगळलेलं नाव

१

मंगळवारी सकाळी सहाला मी ओरमान आगायच्या दारावर थाप मारली ती त्यांना चार शब्द सुनवायला. बाहेर काल संध्याकाळपासून हिमवादळ घोंघावत होतं, थंडी शून्याच्या खाली पंचवीस, आणि रोज सगळ्यांच्या आधी उठून चहासाठी सामोवार पेटवणारा म्हातारा आज लोळत पडला होता. आतून उत्तर आलं नाही. दार ढकललं. ते कुशीवर झोपले होते, गाल लालबुंद, नुकतेच न्हाणीतून आल्यासारखे. त्या लालीचा अर्थ आमच्या माळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मी डोक्याचा रुमाल नाकाला लावला, स्टुलानं खिडकीची काच फोडली आणि पॅसेजमध्ये येऊन मटकन खाली बसले.

खोलीतल्या भट्टीत कोळसा अजून धुमसत होता आणि धुरांड्याची पॅसेजमधली झडप बंद होती. कोळशाच्या वायूला ना रंग ना वास. माणूस झोपतो आणि उठत नाही.

पण पॅसेजमध्ये वास होता. दार उघडण्याआधीपासून येत होता: जळक्या चरबीचा. आमच्यात मेलेल्या माणसासाठी शुक्रवारी चरबीत पोळ्या तळतात, तो वास त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून. आज मंगळवार होता. शिवाय माणूस मेलाय हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. मग तळत कोण बसलं होतं?

फोन चालू होता हे नशीब. तालुक्याचा फौजदार साकेन जांभया देत ऐकत राहिला. आमच्यात थोरल्या बाईला आपाय म्हणतात, थोरल्या पुरुषाला आगाय.

“आपाय, वसतिगृहातल्या भट्ट्या कुणाच्या जबाबदारीवर?”

“वसतिगृहाच्या.”

“म्हणजे कुणाच्या?”

“माझ्या.”

“मग कशाला हात लावू नका. रस्ता मोकळा झाला की गुरुवारी येतो. आणि गरम कपड्यांची पिशवी भरून ठेवा. असा अपघात झाला की निष्काळजीपणाबद्दल पाच वर्षं धरून चाला. मी आपलं आधी सांगितलं.”

मी छप्पन्न वर्षांची आहे. नवऱ्यामागं बारा वर्षं हे वसतिगृह एकटीनं चालवलं, कुणाचा चहा कधी थंड दिला नाही. पाच वर्षं! भिंतीला धरून उठले तेव्हा समोर ती झडप होती. बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला.

ओरमान आगाय भट्ट्या बांधणारे गवंडी होते. चाळीस वर्षांचा धंदा. या खोलीतली भट्टी त्यांनीच ऑक्टोबरात वेळ जात नाही म्हणून नव्यानं बांधली होती. निखाऱ्यावर निळी ज्योत असताना झडप लावणारा एक तर खुळा, नाहीतर खुनी, हे त्यांचंच वाक्य, सगळ्या घरानं दहादा ऐकलेलं. झडप त्यांनी लावलेली नव्हती. बाहेरच्या दाराला रात्री मी स्वतः अडसर घातला होता आणि तो तसाच होता. म्हणजे ज्यानं लावली तो माझ्याच छपराखाली होता, आणि थोड्याच वेळात माझ्याकडे चहा मागायला येणार होता.

२

बोझतोबेतलं हे वसतिगृह तारेच्या कुंपणापासून दीड किलोमीटरवर आहे. तारेपलीकडे जुनी संस्था आहे. तिथं काय चालायचं ते आम्ही विचारत नाही. आता तिथली एक इमारत कापून, सिमेंट भरून बंद करायची आहे एवढंच कळतं. ते काम घेतलेली, आगाय धरून पाच जणांची टोळी मेपासून माझ्याकडे राहून तारेपलीकडे जायच्या मंजुरीची वाट बघत होती. मे ते फेब्रुवारी. देव भेटेल, मंजुरी भेटत नाही.

अर्ज भरायचा, आज्यापणज्यांची नावं लिहायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि बसायचं. नोंदवलेल्या पत्त्यावरून एक रात्र गैरहजर राहिलात की अर्ज रद्द, पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात. म्हणून वादळ नसतं तरी यातलं कुणी पळून जाणार नव्हतं. खुन्याबरोबर एका छपराखाली राहतील, पण पत्ता सोडणार नाहीत!

स्वयंपाकघरात चौघे गोळा झाले. टोळीचा मुकादम केंझेताय, पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा. गवंडी तोक्तार, ज्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर डोक्यावरून पाणी. वेल्डर एवाल्ड, इथल्या जुन्या जर्मनांपैकी, साठीला टेकलेला. आणि इल्दार, तातार, वायरमन, टोळीतला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात वाचाळ. त्याला जुलैत मुलगी झाली. तिला त्यानं फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

“अपघात आहे,” केंझेताय म्हणाला. “बिचारे आगाय. वय झालं होतं, विसरले असतील.”

“भट्टीवाला झडप विसरतो?” मी विचारलं.

“आपाय, दाईचं पोरही अडतं,” इल्दार म्हणाला. आज त्याच्या विनोदाला कुणी हसलं नाही.

“अपघात म्हटलं तर मी तुरुंगात जाते, हे कळतंय का तुम्हाला?”

शेवटी एवाल्डनंच तोंड उघडलं. “बाल्झान, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? खून म्हटलं की या पत्त्यावर फौजदारी खटला. खटला लागला की इथल्या सगळ्यांचे अर्ज रद्द. नऊ महिने पाण्यात.”

“म्हणजे तुमचे नऊ महिने जाऊ नयेत म्हणून माझी पाच वर्षं?”

मी रागानं उठले आणि पॅसेजमधल्या फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. तिथं मंजुरी कार्यालयाचे नियम चिकटवलेले आहेत. नऊ महिने वाचायला दुसरं काही नसल्यानं प्रत्येकाला ते तोंडपाठ होते. मीच कधी शेवटपर्यंत वाचले नव्हते.

नियम आठ: टोळीतल्या सर्वांना मंजुरी मिळाल्याशिवाय कुणालाही काम सुरू करता येणार नाही. नियम नऊ: यादीतून एखादं नाव वगळायचं असल्यास संपूर्ण टोळीनं नव्यानं अर्ज करावा, मृत्यूचा दाखला जोडल्यास ही अट लागू नाही.

मी ते पुन्हा वाचलं. ओरमान आगायचे ठसे तीन वेळा परत आले होते. चुना आणि सिमेंट यांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून टाकल्या होत्या. टोळी त्यांच्यामुळेच अडकली आहे असं घरातली मांजरंही म्हणत होती. आता ते मेले होते आणि दाखला मिळणार होता.

मागं वळले तर चौघेही स्वयंपाकघराच्या दारात येऊन मी काय वाचतेय ते बघत होते.

३

त्या दिवशी कुणी भट्टी पेटवली नाही. एकमेकांचा धाक एवढा की कोळसा बघूनच माणसं मागं सरत. आगायच्या खोलीचं दार लावलं, फुटकी खिडकी तशीच ठेवली. थंडीनं देह राहील. बाकीचे कोट, टोप्या, लोकरी हातमोजे घालून बसले. मी सगळ्यांना एकेक करून स्वयंपाकघरात बोलावलं. गुरुवारपर्यंत मला दोन दिवस होते. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. दर वेळी मी टेबलाच्या अलीकडे, दाराजवळ बसले.

पहिला केंझेताय. रोज जेवणानंतर पॅसेजमधून फिरत सगळ्या झडपा तोच तपासायचा. आगायनी भट्टीचं तोंड खोलीत ठेवलं होतं, पण झडप बाहेर पॅसेजमध्ये, म्हणजे रात्री ती लावायला त्यांना स्वतःला अंथरुणातून उठायला नको. शेजारी खिळ्याला लोखंडी आकडी टांगलेली. केंझेताय लहानपणापासून आईच्या घरातली भट्टी सांभाळत आलेला. आकडीनं झडप अशी ओढायचा की खट्ट आवाजही होत नसे.

“काल तू झडप लावलीस?” मी थेटच विचारलं.

“आपाय, आईची शपथ, नाही. मी आकडी काढली, तर आगाय आतून ओरडले, ‘राहू दे रे, निखारे जिवंत आहेत, मी बघतो.’ मी आकडी परत टांगली.”

“कुणी ऐकलं?”

“सगळ्यांनी. भिंती काय, पुठ्ठ्याच्या!” त्यानं कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत त्याला घाम आला होता. “तुम्हाला वाटतंय मी... आपाय, मुकादम मी आहे. पण म्हणून मी...”

मी त्याला जाऊ दिलं. झडपेपाशी शेवटचा उभा राहिलेला माणूस तोच होता, हे माझ्या मनातून जाईना.

मग तोक्तार. त्यानं पांढरे सुती हातमोजे घातले होते, चरबीनं पिवळट झालेले. हा आगायनी काढलेला उपाय: मेंढीच्या शेपटीची चरबी रोज जेवणानंतर बोटांना चोळायची, मोजे घालून झोपायचं, सिमेंटला शिवायचं नाही. दोन-तीन महिन्यांत रेषा परत येतात म्हणे. आगाय, तोक्तार आणि एवाल्ड, तिघांचेही ठसे नाकारले गेलेले, आगायचे सगळ्यात जास्त वेळा. तिघेही संध्याकाळी ओळीनं बसून बोटं चोळायचे. केंझेताय आणि इल्दार यांचे ठसे पहिल्याच खेपेला लागले होते.

“पॅसेजमध्ये चरबी जळाल्याचा वास होता,” मी म्हटलं.

तोक्तारनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “मी नाही.”

“मोजे दाखव.”

त्यानं दाखवले. मळके, पण कुठं काळे नव्हते. “एक विचारू?” तो म्हणाला. आज त्याचे दहा शब्द कधीच संपले होते. “आगायच्या हातात मोजे होते का?”

मी डोळे मिटून ती खोली आठवली. नव्हते. हात उघडे, उशीवर, स्वच्छ. चरबीची चमकही नव्हती त्यांना.

“ते कधीच काढायचे नाहीत,” तोक्तार म्हणाला. “काल काढले. मग मोजे कुठं गेले?”

४

एवाल्डचे मोजेही धड होते. वर तो माझ्यावरच उखडला. “मी वेल्डर आहे, बाई! तापल्या लोखंडाला हात लावायच्या आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघतो. चाळीस वर्षांची सवय आहे. आणि चरबीचा मोजा घालून विस्तवाजवळ? नोव्हेंबरात तोक्तारचा मोजा किटलीला लागला आणि धूर सुटला. तेव्हापासून आम्ही तिघे हे घालून समईजवळसुद्धा जात नाही.”

“आमच्याकडे समई कुठली?”

“बोलायची पद्धत असते.”

“मग वास कशाचा होता?”

एवाल्डनं दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मला जास्त भीती कशाची वाटतेय सांगू? नियम नऊ एकदा वापरता येतो असं कुठं लिहिलंय? आगाय गेले. आता ठसे अडकलेले उरलो आम्ही दोघं. मी आज गोठ्यात झोपणार आहे, तुमच्या गाईजवळ. तिला मंजुरीची घाई नाही.”

शेवटचा इल्दार. आल्याआल्या त्यानं नेहमीसारखे पाय ताणले. त्याचे ते सुंदर बूट, ज्यांचं मी नेहमी कौतुक करायची. मी चहा ओतला. त्यानं पियाला डाव्या हातानं घेतला.

“डाव्या हातानं चहा? आईनं काही शिकवलं की नाही?”

“उजवा अर्ज भरून भरून झिजला, आपाय.” हसला, पण डोळे सुजलेले होते. उजवा हात लोकरी हातमोज्यात, मांडीवर.

“बूट नवेच दिसतात अजून.”

“भावानं पाठवलेत, इस्तंबूलहून. तिथं बेकरी आहे त्याची. म्हणतो, सोड ते माळरान, ये पाव भाजायला.” मग आवाज खाली आला. “आपाय, काल मुलीला पहिला दात आला. बायकोनं पडद्यावर दाखवला. अंधुक दिसला. मी म्हटलं, थोडं थांब, येतो. नऊ महिने हेच म्हणतोय.”

मला भडभडून आलं. पोरगंच ते, माझ्या मुलापेक्षा लहान. मी त्याच्या बशीत आणखी दोन बोरसाक, तळलेल्या पिठाचे गोळे, टाकले.

“तुला भट्टीचं काही कळतं का रे?”

“मला? मी नवव्या मजल्यावर वाढलो. आमच्याकडे ऊब भिंतीतल्या नळातून येते. भट्टी म्हणजे मला अजगर वाटतो.”

तो गेल्यावर मी राखेची बादली उपसायला घेतली. वादळामुळे कालपासूनची राख तशीच होती. तळाशी बोटांना काहीतरी चिवट लागलं. पांढऱ्या सुती हातमोज्याचा मनगटाकडचा तुकडा, कडा जळून काळ्या झालेल्या. त्याला त्या सकाळचाच वास होता. मनगटावर निळ्या दोऱ्यानं एक छोटी वीट विणलेली. आगायच्या बायकोच्या हातची खूण.

मी तो पटकन ॲप्रनच्या खिशात टाकला. तेवढ्यात पॅसेजमधली फळी करकरली आणि दाराबाहेर कुणीतरी थांबलं. मी श्वास रोखून उभी राहिले. बाहेरचाही श्वास रोखलेला. शंभरपर्यंत मोजलं असेल. मग पावलं हळूहळू दूर गेली. कुणाची ते कळलं नाही.

५

बुधवारी सकाळी मी खोलीला आतून कडी घालून फाटकावरच्या लिपिक बाईला, रायाला, फोन लावला. फाटकाबाहेरच्या चौकीतली भट्टी धुरकट होती म्हणून सोमवारी दुपारी आगाय ती साफ करायला गेले होते. तिथून ते शीळ घालत परतले होते, हे मला आठवलं. आल्यावर त्यांनी गरम पाणी मागितलं आणि कोपरापर्यंत साबणानं हात धुतले; मोजे पॅसेजमधल्या बाकावर तसेच राहिले.

“राया, मला काही गुपित सांगू नकोस. फक्त एवढंच सांग, आगायच्या बोटांचं काय झालं?”

ती घाबरली. कागदांचा आवाज आला, मग दार लावल्याचा. “आपाय, माझी नोकरी जाईल.”

“माझी पाच वर्षं जातील.”

“त्यांची काळजी सोमवारीच मिटली,” ती कुजबुजली. “चौथे ठसे लागले. मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, शिक्का पडेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते. त्या गवंड्याचं आणि वेल्डरचंही झालंय.”

“मग अडकलंय कोण?”

“नाव नाही सांगणार. पण आपाय, एका अर्जात एक भाऊ कमी आहे. भाऊ परदेशात आहे म्हणून लिहिलाच नाही. लोकांना वाटतं लिहिलं तर उशीर होईल. न लिहिल्यानं होतो. सहा महिने तो अर्ज त्या एका रिकाम्या रकान्यापायी पडून आहे.”

मी फोन ठेवला. चौघांचे अर्ज माझ्यासमोर बसूनच भरले गेले होते. केंझेताय एकुलता एक. तोक्तारला चार बहिणी, चारही इथल्याच. एवाल्डनं जर्मनीला गेलेली सगळी भावंडं चुलतांसकट वेगळा कागद जोडून लिहिली होती, त्यावरून किती थट्टा झाली होती त्याची. आणि चौथ्यानं भावंडांच्या रकान्यात एक तिरकी रेघ मारली होती.

आता सगळं जुळलं, आणि ते जुळू नये असं मला मनापासून वाटत होतं.

६

दुपारी मी चौघांना बोलावलं. कुणी बसेना. एवाल्डच्या कोटाला गवत चिकटलं होतं.

“आगायनी सोमवारी मोजे काढले,” मी सुरुवात केली. “त्यांना त्यांची गरज उरली नव्हती. पॅसेजमधल्या बाकावर काढून ठेवले. रात्री कुणीतरी झडप लावायला आला. भट्टी तापलेली, झडपेचा दांडा तापलेला. शेजारी आकडी टांगलेली होती. ज्याचं बालपण भट्टीपाशी गेलं, त्याचा हात आपोआप आकडीकडे जाईल. केंझेताय, तोक्तार, तुमचा गेला असता. एवाल्डनं आधी हाताची मागची बाजू नेली असती. या माणसाला आकडी कशासाठी असते हेच माहीत नव्हतं. त्यानं बाकावरचा मोजा घातला आणि दांडा मुठीत धरला.”

खिशातला तुकडा मी टेबलावर ठेवला. कुणी हात लावला नाही.

“चरबी चोळणाऱ्या माणसानं हे केलं नसतं. तो मोजा कसा पेट घेतो हे त्या तिघांना ठाऊक होतं. ज्यानं कधी चरबी चोळलीच नाही, त्यालाच तो साधा सुती मोजा वाटला. चरबी पेटली. हात भाजला असणार, चांगलाच. पण ओरडता येत नव्हतं; मोजे त्यानं राखेत दडपले. आणि दुसऱ्या दिवशी भीतीनं आम्ही भट्ट्या विझवल्या, सगळ्यांनीच लोकरी मोजे घातले. आमच्या भीतीनं त्याचा हात झाकला.”

केंझेताय हळूहळू इल्दारकडे वळला. “मोजा काढ.”

“मुकादम, आपाय काहीही...”

“मोजा काढ रे!”

“थांब,” मी म्हणाले. “इल्दार, आधी एक ऐक. आगाय अडकले नव्हते. त्यांची मंजुरी सोमवारीच झाली होती. तोक्तारची झाली, एवाल्डची झाली, केंझेतायची कधीच झाली होती. आता ही टोळी एकाच अर्जामुळे बसलीय. त्या अर्जात इस्तंबूलचा भाऊ लिहिलेला नाही.”

असा चेहरा मी आयुष्यात पुन्हा पाहू नये. आधी त्याला समजलंच नाही. मग ओठ हलायला लागले, जणू मनाशी हिशोब मांडतोय आणि तो दर वेळी तेच उत्तर देतोय.

“मी... उशीर होऊ नये म्हणून तो लिहिला नाही,” तो म्हणाला. “फक्त उशीर होऊ नये म्हणून.”

त्यानं स्वतःच मोजा काढला. तळहात आणि बोटांवर फोड फुटून कातडी लोंबत होती. दोन दिवस त्यानं हे असं सहन केलं होतं, माझ्यासमोर बसून बोरसाक खाल्ले होते.

“आगायनी माझ्या मुलीसाठी लाकडी घोडा करायला घेतला होता,” तो म्हणाला आणि जमिनीवर बसला. तोक्तार तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला. एवाल्ड एकदम पुढं झाला. मला वाटलं आता मारतो. त्यानं माठातलं थंड पाणी घेतलं आणि त्या भाजलेल्या हातावर ओतत राहिला. पाणी ओतताना तो जर्मन भाषेत काहीतरी पुटपुटत होता, शिव्या की प्रार्थना ते कळलं नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त भीती वाटली की हे पोर, ज्याला मी नऊ महिने वाढून घातलं, ते झडपेपाशी उभं राहून आतल्या म्हाताऱ्याचं घोरणं ऐकत होतं.

७

गुरुवारी रस्ता मोकळा झाला. साकेन दोन शिपायांसह आला, पंचनामा केला, आगायना बाहेर काढलं. मग स्वयंपाकघरात कागद पसरून बसला.

“पोरगा माझ्यासमोर कबूल झाला, पण कबुलीवर काय विसंबायचं? उद्या वकील येईल, हा शब्द फिरवेल,” तो म्हणाला. “बाकीच्यांनी साक्ष द्यायला हवी: झडप, मोजा, हात, सगळं. तिघांची सही. सही झाली की खून. नाही झाली तर...” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “पिशवी भरलीय ना, आपाय?”

भरली होती. दाराजवळ होती.

तिघांना नियम पाठ होते. अपघात राहू दिला तर आगायचा दाखला जोडून, इल्दारचा राहिलेला भाऊ लिहून चार दिवसांत काहीतरी जमवता आलं असतं; सही केली की पुन्हा पहिला दिवस. केंझेताय पेन बोटांत फिरवत राहिला. मी त्यांच्यापुढे चहाचे पियाले ठेवले.

“आगाय त्या दिवशी म्हणाले, ‘मी बघतो,’” केंझेताय म्हणाला. “मी आकडी टांगून झोपायला गेलो.” त्यानं सही केली. एवाल्डनं चष्मा शोधला, सगळं दोनदा वाचलं, एक चूक दुरुस्त करायला लावली आणि सही केली. तोक्तारनं न वाचताच केली.

शिपायांनी इल्दारला गाडीत बसवलं. खिडकीतून त्यानं एकदाच मागं पाहिलं. मी हात वर केला की नाही ते मला आठवत नाही.

संध्याकाळी तिघे पुन्हा स्वयंपाकघरात आले. मी भट्टी पेटवली होती. कुणीतरी पेटवायलाच हवी होती. केंझेतायनं कपाटातले कोरे अर्ज काढून वाटले आणि ते लिहायला बसले. नाव, वडील, आजोबा, पणजोबा. तोक्तार बराच वेळ एका प्रश्नावर अडून होता. शेवटी त्यानं कागद माझ्याकडे सरकवला.

“आपाय, मागच्या वेळी इथं ‘नाही’ लिहिलं होतं.”

मी वाचलं. ‘तुमच्या परिचयातील कोणी व्यक्ती गंभीर गुन्ह्यात आरोपी आहे काय? असल्यास नाव आणि नातं.’

“‘आहे’ लिहिलं तर आणखी वर्ष जाईल,” एवाल्ड म्हणाला.

“खरं लिही,” मी म्हटलं.

तोक्तारनं इल्दारचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. नात्याच्या रकान्यापाशी त्याचं पेन पुन्हा थांबलं. मित्र लिहावं तर आगायचा खुनी. कुणी नाही लिहावं तर खोटं. मग एकेक अक्षर दाबून त्यानं लिहिलं: एका ताटात जेवायचो.

केंझेतायनं ते वाचलं आणि आपल्या अर्जातही तेच लिहिलं. एवाल्डनंही.